जायला सोळा, यायला चौदा

डोंबिवलीत, कल्याणात किंवा ठाण्याच्या घोडबंदर रोडवर, ज्या इमारतीतलं एकही माणूस परदेशात नाही अशी इमारत आता क्वचितच सापडते. लेकीच्या बाळंतपणासाठी निघालेली आई, सहा महिने मुलाकडे राहून परतणारे आजी-आजोबा, शिकायला गेलेली पुतणी. या घरांमध्ये लोकलच्या वेळांबरोबर विमानाच्या वेळाही पाठ होतात आणि पाठ होता होता एक कोडं समोर येतं. मुंबईहून थेट न्यूयॉर्कला जायला साधारण सोळा तास लागतात. परत येताना विमान चौदा-साडेचौदा तासांत पोचतं. दोन्ही टोकांचे विमानतळ तेच, विमानाची जात तीच. मग हे दीड-दोन तास जातात कुठे?

बहुतेक घरांत याचं उत्तर तयार असतं: ‘पृथ्वी फिरते ना, म्हणून.’ पण हे उत्तर दोन पावलंही चालत नाही. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विमान हवेत असताना खालची जमीन सरकत असती, तर पश्चिमेला जाणाऱ्या विमानासाठी न्यूयॉर्क स्वतःहून पुढे आलं असतं आणि जाणंच लवकर झालं असतं. प्रत्यक्षात होतं नेमकं उलटं. शिवाय जमिनीबरोबर हवाही फिरते आणि हवेबरोबर विमानही. कल्याण फास्ट भरधाव असताना डब्यात उडवलेला चेंडू उडवणाऱ्याच्याच हातात परत येतो, तसंच हे आहे. घड्याळातल्या साडेनऊ-साडेदहा तासांच्या फरकाचाही इथे संबंध नाही, कारण तो फरक फक्त काटे हलवतो, बसून काढलेले तास कमी-जास्त करत नाही.

खरं उत्तर जमिनीपासून नऊ ते सोळा किलोमीटर उंचीवर आहे. ते सापडायला तीन खंडांतली माणसं आणि एक महायुद्ध खर्ची पडलं. त्या शोधाचा अखेरचा मोठा अध्याय एका भारतीयाने लिहिला आणि तो आपल्याच पावसाळी आकाशाबद्दल आहे.

*

आधी अंतर बघू, कारण ते स्थिर आहे. शाळेतल्या सपाट नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडले, तर रेघ अरबस्तान, सहारा आणि अटलांटिकवरून जाते. त्या रेघेने, दिशा न बदलता गेलं तर सुमारे १४,२०० किलोमीटर पडतात. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला तर मात्र तो वेगळ्याच वाटेने जातो. मुंबई सोडताना तो वायव्येपेक्षाही उत्तरेकडे झुकतो, आर्क्टिक वर्तुळाच्या जवळ, ६५ अक्षांशापर्यंत चढतो आणि मग अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे उतरतो. या दोऱ्याची लांबी भरते सुमारे १२,५०० किलोमीटर. सतराशे किलोमीटरची ही बचत निव्वळ भूमितीची. म्हणूनच परदेशाच्या विमानात समोरच्या पडद्यावरची वाट नेहमी वर फुगलेली दिसते.

बंद आकाश, वादळं आणि युद्धक्षेत्रं यांमुळे विमानांना या दोऱ्यापासून बाजूला जावं लागतं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा अमेरिका-युरोपच्या वाटा लांबल्या. पण वाट कितीही लांबली तरी ती जाताना आणि येताना सारखीच लांबायला हवी. दोन दिशांमधला फरक त्यातून निघत नाही. तेव्हा संशय घ्यावा असं एकच उरतं, ती म्हणजे हवा.

*

जपानमध्ये, तोक्योच्या ईशान्येला तातेनो नावाच्या ठिकाणी १९२० मध्ये उंच हवेचा अभ्यास करणारी वेधशाळा उभी राहिली. तिचे प्रमुख होते वासाबुरो ओइशी. त्यांचं साधन अगदी साधं होतं. हायड्रोजनने भरलेला फुगा सोडायचा, थिओडोलाइटच्या दुर्बिणीतून त्याचा पाठलाग करायचा, ठरावीक वेळाने दोन कोन टिपायचे. फुगा कोणत्या वेगाने वर चढतो हे माहीत असेल, तर तो किती उंचीवर कुठे वाहत गेला हे त्या कोनांवरून काढता येतं. मार्च १९२३ ते फेब्रुवारी १९२५ या काळात ओइशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी बाराशेहून अधिक निरीक्षणं नोंदवली.

२ डिसेंबर १९२४ रोजी एक फुगा नऊ किलोमीटरच्या उंचीवर पोचला तेव्हा आकडेमोडीतून वाऱ्याचा वेग निघाला सेकंदाला ७२ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ २६० किलोमीटर. जमिनीवर इतका वारा वाहिला तर छपरं उडतात आणि झाडं मुळासकट उपटतात. तातेनोच्या डोक्यावर तो शांत, निरभ्र आकाशातून वाहत होता आणि खाली कोणाला त्याचा मागमूस नव्हता. ही एखाद्या दिवसाची लहर नव्हती. हिवाळ्यातल्या नोंदींची सरासरी काढली तरी नऊ-दहा किलोमीटरवर पश्चिमेचा प्रचंड वारा ठामपणे दिसत होता.

आपण हाती घेतलंय ते साऱ्या जगाच्या कामाचं आहे, हे ओइशींनी ओळखलं. १९२६ मध्ये वेधशाळेचा पहिला अहवाल निघाला. जपानी भाषा बाहेर कोण वाचणार, म्हणून त्यांनी तो एस्परान्तोमध्ये लिहिला. सर्व देशांना समान असावी म्हणून पोलंडच्या झामेनहॉफने १८८७ मध्ये घडवलेली ही भाषा ओइशींच्या श्रद्धेचा विषय होती. जगाला सहज वाचता यावं म्हणून निवडलेल्या त्या भाषेतला अहवाल जगातल्या जवळजवळ कोणत्याही हवामानशास्त्रज्ञाने वाचला नाही.

*

नऊ वर्षांनी तोच वारा अमेरिकेत एका वैमानिकाच्या अंगावर आला. वायली पोस्टचा एक डोळा तेलविहिरीवरच्या अपघातात गेला होता. १९३३ मध्ये त्याने एकट्याने विमानातून पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. नंतर त्याला उंचीची ओढ लागली. विरळ हवेत तगता यावं म्हणून त्याने रबर आणि कापडाचा हवाबंद पोशाख बनवून घेतला. १५ मार्च १९३५ रोजी तो कॅलिफोर्नियातून पूर्वेला निघाला आणि तीन हजारांहून अधिक किलोमीटरवरच्या क्लीव्हलँडला सव्वासात तासांच्या आसपास पोचला. जमिनीच्या हिशेबाने सरासरी वेग पडला ताशी जवळजवळ ४५० किलोमीटर. त्याच्या लाकडी विमानाच्या इंजिनाने एवढा वेग देणं शक्यच नव्हतं. उरलेला वेग वाऱ्याचा होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अलास्कातल्या अपघातात पोस्ट गेला आणि त्याच्या प्रयोगांचा धागा तुटला.

मग युद्ध आलं. २४ नोव्हेंबर १९४४ रोजी मरियाना बेटांवरून १११ बी-२९ बॉम्बफेकी विमानं तोक्योवर निघाली.  तोक्योजवळ नऊ-दहा किलोमीटर उंचीवर वारा पाठीमागून आला आणि विमानं जमिनीच्या हिशेबाने ताशी ७०० किलोमीटरच्या पुढे धावू लागली. बॉम्ब नेमका कुठे पडेल याचं गणित करणारी यंत्रं या वेगासाठी बनलेलीच नव्हती. ठरलेल्या कारखान्यावर बॉम्ब टाकता आले ते फक्त २४ विमानांना. तातेनोची वेधशाळा त्या लक्ष्यापासून फार दूर नव्हती. अठरा वर्षांपूर्वी छापलेला आकडा तिथे जसाच्या तसा होता.

जपानला मात्र तो माहीत होता. त्याच वाऱ्यावर स्वार करून, नोव्हेंबर १९४४ ते एप्रिल १९४५ या काळात, त्यांनी बॉम्ब बांधलेले नऊ हजारांहून अधिक कागदी फुगे पॅसिफिकपार सोडले. त्यांतले काही अमेरिकेत पोचले. ५ मे १९४५ रोजी ऑरेगनच्या जंगलात सहलीला गेलेली एक गरोदर स्त्री आणि पाच मुलं अशाच एका फुग्याच्या स्फोटात मारली गेली. ओइशींनी सर्वांसाठी लिहिलेलं ज्ञान आधी या कामाला आलं, ही या शोधाची सर्वांत दुःखद बाजू आहे.

युद्ध संपल्यावर शिकागोत कार्ल-गुस्ताफ रॉस्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वाऱ्याचं गणित मांडलं आणि ‘जेट स्ट्रीम’ हे नाव रूढ केलं. मराठीत आपण त्याला झोतवारा म्हणू. १८ नोव्हेंबर १९५२ रोजी पॅन अमेरिकनच्या विमानाने तोक्योहून होनोलुलूला जाताना मुद्दाम या झोतात शिरून पाहिलं. अठरा तासांचा प्रवास साडेअकरा तासांत झाला. त्या दिवसापासून प्रवासी विमानाची वाट ठरवताना वाऱ्याचा नकाशा पुढ्यात ठेवला जाऊ लागला.

*

इथवरचा शोध समशीतोष्ण देशांचा होता. आपल्या डोक्यावर काय चाललं आहे, हे अजून बाकी होतं.

हिवाळ्यात उत्तर भारतावर, गंगेच्या मैदानाच्या वर, बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेचा झोतवारा वाहतो. मुंबई-ठाणे त्याच्या दक्षिण काठावर येतात. म्हणून जानेवारीत मुंबईहून कोलकात्याला जाणं लवकर होतं आणि परतणं रेंगाळतं. हिवाळ्यात निरभ्र आकाशात फुगा बराच वेळ दिसतो आणि त्याचा पाठलाग करता येतो. पण जूनमध्ये मोसमी ढग आले, की थिओडोलाइटमधून पाहिलेला फुगा काही मिनिटांत ढगात गडप. ज्या ऋतूवर शेतकरी, धरणं आणि सगळा देश अवलंबून, त्याच ऋतूची उंच हवा त्या ऋतूनेच झाकून ठेवली होती.

ढगांपलीकडे डोळ्यांनी पाहता येत नसलं तरी रेडिओ लहरी तिथे पोचतात. फुग्याखाली छोटं रेडिओयंत्र बांधून त्याचा माग काढण्याची पद्धत युद्धानंतर पसरली आणि पावसाळ्यातल्या वरच्या हवेच्या नोंदी आशियाभर जमू लागल्या. त्या नोंदी एकत्र मांडणारे शास्त्रज्ञ होते भारतीय हवामान खात्याचे पंचेटी कोटेश्वरम. पुढे तेच या खात्याचे महासंचालक झाले. १९५८ मध्ये ‘टेलस’ या नियतकालिकात त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. भर पावसाळ्यात दक्षिण भारतावर, १५ अक्षांशाच्या आसपास, चौदा ते सोळा किलोमीटर उंचीवर एक झोतवारा वाहतो आणि तो पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो, असं त्यांनी दाखवलं. आग्नेय आशियातून निघून, भारत आणि अरबी समुद्र ओलांडून तो आफ्रिकेपर्यंत जातो. त्याचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे जातो. तोवर जगाला माहीत असलेला बलाढ्य झोतवारा पश्चिमेकडून येणारा. हा उलटा होता.

तो उलटा का, याचं उत्तर कोटेश्वरम यांनी तिबेटच्या पठाराशी जोडलं. एरवी विषुववृत्ताची हवा उबदार आणि ध्रुवाकडची थंड असते. उबदार हवा फुगते, थंड हवा आकसते. त्यामुळे उंचावर दक्षिणेला दाब जास्त आणि उत्तरेला कमी होतो. वारा दाबाच्या उताराने उत्तरेकडे निघतो, पण पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळत वळत पूर्वेकडे वाहू लागतो. हाच पश्चिमेचा झोतवारा. उन्हाळ्यात मात्र समुद्रसपाटीपासून साडेचार किलोमीटर उंचीवरचं तिबेटचं पठार तापतं आणि हवेला मध्यावरच ऊब देतं. आता उत्तरेची हवा उबदार, तर दक्षिणेला हिंदी महासागरावरची थंड. दाबाचा उतार पालटतो आणि त्याच्याबरोबर वाराही. दोन्ही वाऱ्यांना नियम एकच लागू आहे. फक्त वर्षातून एकदा आपल्या आकाशात उष्णतेच्या जागा बदलतात.

‘पृथ्वी फिरते म्हणून’ या घरगुती उत्तरात सत्याचा अंश असलाच, तर तो इथे आहे. पृथ्वीचं फिरणं विमानाला थेट लांब-जवळ करत नाही. ते वाऱ्याला वळवतं आणि वारा विमानाला पुढे रेटतो किंवा मागे ओढतो.

*

हा शोध ठाणे जिल्ह्याच्या आकाशात आजही रोज नव्याने मोजला जातो. सांताक्रूझला हवामान खात्याचं उंच हवेचं केंद्र आहे. जगभर एकाच वेळी घ्यायच्या निरीक्षणांसाठी तिथून सकाळ-संध्याकाळ साडेपाचच्या सुमाराची नोंद घेणारा फुगा सोडतात. तो मिनिटाला सुमारे तीनशे मीटर चढतो आणि तापमान, आर्द्रता, वारा खाली कळवत जातो.

जानेवारीत या फुग्याचं काय होतं याचा हिशेब मांडता येतो. खालचे वारे मंद असतात, पण वर जावं तसा पश्चिमेचा वारा वाढतो आणि फुगा पूर्वेकडे वाहत जातो. मुंबईच्या पूर्वेला ठाणे, डोंबिवली, बदलापूर, मग सह्याद्री. जुलैत गोष्ट वेगळी असते. पहिल्या वीसेक मिनिटांत नैर्ऋत्य मोसमी वारा त्याला ठाण्याच्या बाजूला ढकलतो. पाच-सहा किलोमीटरनंतर वारा दिशा हरवतो. त्याच्यावर पूर्वेचा वारा सुरू होतो आणि फुगा मागे फिरून अरबी समुद्राकडे निघतो. खाली भिजलेल्या डोंबिवलीत छत्र्या एका दिशेला उलटत असतात, तेव्हा वर पंधरा किलोमीटरवर हवा अगदी विरुद्ध दिशेला धावत असते.

ही गोष्ट यंत्राशिवायही दिसते. पावसाने उघडीप दिली की कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यावर जावं. काळे, खालचे ढग खाडीकडून पूर्वेच्या बाजूला पळताना दिसतील. त्यांच्या फटीतून वरचे पिंजलेले पांढरे ढग दिसले, तर एखाद्या खांबाच्या टोकाशी नजर रोखून दोन-तीन मिनिटं थांबावं. ते संथपणे उलट्या बाजूला, समुद्राकडे सरकत असतात. कोटेश्वरम यांनी अर्ध्या पृथ्वीवरच्या नोंदींतून जे काढलं, त्याची खूण उघड्या डोळ्यांना दिसते.

*

आता सुरुवातीच्या कोड्याकडे वळू. न्यूयॉर्कची वाट मुख्यतः उत्तरेकडच्या अक्षांशांतून जाते आणि तिथे बारा महिने पश्चिमेच्या वाऱ्याचं राज्य आहे. प्रवासी विमान आजूबाजूच्या हवेच्या हिशेबाने ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं. हवाच समोरून येत असेल, तर जमिनीच्या हिशेबाने वेग तेवढा कमी होतो. पाठीमागून येत असेल, तर तेवढा वाढतो. समजा ९,००० किलोमीटरचा प्रवास आहे आणि वारा ताशी १०० किलोमीटरचा आहे. वाऱ्याविरुद्ध सव्वाअकरा तास लागतील, वाऱ्याबरोबर नऊ. वाराच नसता तर जाऊन-येऊन वीस तास लागले असते. इथे सव्वावीस लागले. म्हणजे जाताना गमावलेलं येताना पूर्ण भरून निघत नाही, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं.

म्हणूनच वैमानिक आणि मार्ग आखणारे नुसतं कमी अंतर शोधत नाहीत, ते कमी वेळ शोधतात. याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण ऑक्टोबर २०१६ मधलं आहे. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान तोवर अटलांटिकवरून, सुमारे १३,९०० किलोमीटरच्या वाटेने जायचं. त्या महिन्यात ते पहिल्यांदा उलट्या दिशेने, पूर्वेला पॅसिफिकवरून गेलं. वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त. तरीही ते साडेचौदा तासांत, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर पोचलं. ओइशींच्या फुग्यांना जपानवर भेटलेला वारा या वेळी पाठीशी होता.

८-९ फेब्रुवारी २०२० च्या रात्री ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. वादळामुळे बळावलेल्या झोतवाऱ्यात त्याने जमिनीच्या हिशेबाने ताशी १,३०० किलोमीटर ओलांडले. पण त्याने आवाजाचा वेग मोडला नव्हता, कारण आजूबाजूच्या हवेत ते रोजच्याच वेगाने उडत होतं. धावत होती ती हवा.

*

दोन विमानतळांमधलं अंतर एकदा मोजलं की कायमचं मोजून होतं. वेळ मात्र रोज नव्याने मोजावी लागते, कारण ती हवेवर ठरते आणि हवा मोजणारी माणसं लागतात. तातेनोत दुर्बिणीला डोळा लावून बसलेली माणसं, सांताक्रूझला पहाटे फुगा सोडणारे हवामान खात्याचे कर्मचारी, देशोदेशीच्या नोंदी शेजारी-शेजारी मांडणारे कोटेश्वरम. सोळा आणि चौदा या दोन आकड्यांमागे यांचं काम आहे. तिकिटावर छापलेल्या पोचण्याच्या वेळेवर आपण विश्वास ठेवतो, तो खरं तर त्यांच्यावर ठेवलेला विश्वास असतो.

ओइशींच्या बाबतीत जे घडलं, ते कोटेश्वरम यांच्या बाबतीत आपल्याकडे घडू नये. त्यांचा शोध शास्त्रज्ञांना ठाऊक आहे. पण ज्या आकाशाबद्दल तो आहे, त्या आकाशाखालच्या किती मुलांना त्यांचं नाव माहीत आहे? ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या शाळांना यासाठी प्रयोगशाळाही लागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये उघडीप मिळेल तेव्हा मुलांना गच्चीवर न्यावं, खालच्या आणि वरच्या ढगांच्या दिशा वहीत लिहायला लावाव्यात आणि मोसम संपल्यावर त्या नोंदी एकत्र मांडाव्यात. सांताक्रूझच्या फुग्याने त्या दिवशी काय मोजलं, हे जाहीर आकड्यांतून मिळतं. मुलांच्या वहीशी ते ताडून बघावं. मामाचं विमान जाताना उशिरा आणि येताना लवकर का पोचतं, हे ज्या मुलीला स्वतःच्या नोंदींतून कळेल, तिला कोटेश्वरम यांचं नाव पाठ करावं लागणार नाही. त्यांचं काम तिने स्वतः पुढे नेलेलं असेल.